छंदाचें ओझें

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांच्या आयुष्यांत एकदां तरी येतोच. नोकरीची बदली होते, मुलें दूरच्या शहरीं स्थायिक होतात, जुना वाडा पाडावयाचा ठरतो. आणि एके दिवशीं घरांतील सारी चीजवस्तु आपापली जागा सोडून खोलीच्या मधोमध येऊन बसते. अशा वेळीं घरोघर याद्या होतात. भांडीं किती, गाद्या किती, कपाटें किती, हें सारें लिहिलें जातें. परंतु मीं आजवर पाहिलेल्या याद्यांत एक रकाना नेहमीं राहून गेलेला आढळला. तो रकाना घरांतील कोणा एकाच्या छंदाचा. कोणीं पुस्तकें जमविलेलीं असतात, कोणीं सुतारकामाचीं हत्यारें; कोणाजवळ डोंगरदऱ्यांतून गोळा केलेले दगडांचे नमुने असतात, तर कोणाजवळ शिवणाचें यंत्र आणि पेटीभर कापड. हें सर्व सामान 'किरकोळ' या एका शब्दाखालीं जातें. आणि मौज अशी कीं, काट्यावर घालून पाहूं जातां घरांतील सर्वांत जड चीज पुष्कळदां हें किरकोळ सामानच ठरतें.

माझा स्वतःचा अनुभव ग्रामोफोनच्या तबकड्यांचा आहे. म्हणून आज मी त्यांविषयींच बोलणार आहें. ज्यांच्या घरीं तबकड्या नाहींत त्यांनींहि चार शब्द ऐकून घ्यावे, अशी माझी विनंति आहे. जडपणा आणि नाजुकपणा हे दोन्ही गुण एकाच वस्तूंत एकत्र आले म्हणजे लांबच्या प्रवासांत काय होतें, हें तबकडीइतकें स्पष्टपणें दुसरें कांहीं शिकवीत नाहीं.

प्रथम ही तबकडी इतकी जड कां, तें पाहूं. मिनिटास ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची म्हणून ओळखली जाते. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या डहाळ्यांवर वाढणाऱ्या किड्यांपासून ही लाख मिळते, आणि छोटा नागपूरच्या टापूंत, म्हणजे आजच्या झारखंडांत, ती आजहि काढली जाते. परंतु तबकडींत नुसती लाख नसते. लाखेचें काम बांधून ठेवण्याचें. मोठा भाग असतो तो दगडाच्या बारीक भुकटीचा. त्यांत काळ्या रंगासाठीं काजळी आणि थोडे कापसाचे तंतु मिसळलेले असतात. सारांश, आपण जिला गाण्याची तबकडी म्हणतों, ती लाखेनें सांधलेली दगडाची एक पातळ चकती आहे. दगडाचें वजन तिच्यांत आहे, आणि कांचेची ठिसूळताहि आहे.

प्रवास तर तिच्या नशिबीं जन्मापासूनच आहे. नोव्हेंबर १९०२ मध्यें फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या काळीं अशा तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं छापल्या जात, आणि तेथून जहाजानें आपल्याकडे येत. लाख येथून परदेशीं जाई, आणि गाणें होऊन परत येई. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदह येथें कारखाना निघाला, तेव्हां कोठें हा फेरा चुकूं लागला. अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं निवर्तले. त्यांचा आवाज आपल्या कानांवर आजहि पडतो, तो या ठिसूळ चकत्यांनीं केलेल्या प्रवासांमुळेंच.

आतां माझी हकीकत सांगतों. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, ते इंदुरास शिक्षक होते. त्यांनीं पहिली तबकडी १९४१ सालीं घेतली, आणि पुढें पंचवीसएक वर्षें पगारांतून थोडेथोडे वांचवून त्यांनीं एकंदर ६१२ तबकड्या जमविल्या. त्यांची एक वहीहि होती. प्रत्येक तबकडीचा अनुक्रम, गायकाचें नांव, रागाचें वा पदाचें नांव, घेतल्याची तारीख, किंमत, आणि अखेरच्या रकान्यांत शेरा. हा शेरा कधीं 'उत्तम' असा असे, कधीं 'दुसरी बाजू बरी' असा असे. हिराबाई बडोदेकरांच्या एका तबकडीपुढें 'सौ.ला आवडते' एवढेंच लिहिलेलें होतें.

१९९६ सालीं मीं अण्णांना आणि आईला पुण्यास माझ्याकडे आणावयाचें ठरविलें. सोय मुलांच्या सुटीची पाहिली. म्हणून महिना निवडला मे. सामान बांधून नेणाऱ्या मंडळींना बोलाविलें. त्यांनीं भांडीं बांधलीं, कपाटें बांधलीं, आणि तबकड्यांपाशीं आल्यावर विचारलें, "साहेब, या कशा बांधायच्या?" मी त्या वेळीं किराणा दुकानदाराचा हिशेब चुकता करण्यांत गुंतलों होतों. मीं वर न पाहतांच सांगितलें, "बांधा कशाहि, फक्त जपून."

त्यांनीं आपल्या समजुतीप्रमाणें जपूनच बांधल्या. गाद्यागिरद्यांसाठीं आणलेलीं पुठ्ठ्याचीं तीन मोठीं खोकीं घेतलीं. प्रत्येकांत दोनशें तबकड्या, भाकऱ्यांची चवड रचावी तशा, आडव्या रचल्या. आणि वर जागा उरली म्हणून ती पुस्तकांनीं भरून काढली. एकेक खोकें ५० किलोंच्या वर गेलें. सेंधवा ओलांडून बिजासनचा घाट उतरून ट्रक धुळ्याच्या बाजूस आला, तो भर दुपारीं. पुढें कोठें तरी चालकानें जेवण्यासाठीं थांबून तो ट्रक उन्हांतच उभा केला. दुसरे दिवशीं पुण्यास आमच्या तिसऱ्या मजल्याचा जिना चढतांना दोन हमालांच्या हातून एका खोक्याचा तळ फाटला. तो आवाज मी अजून विसरलों नाहीं. मातीचें मडकें फुटावें तसा तो मोठा नव्हता. कोरड्या शेंगा पायाखालीं याव्या तसा, एकामागून एक येणारा, बारीक आवाज होता.

दोष हमालांचा नव्हता, बांधणाऱ्यांचाहि नव्हता. त्यांना सांगावयाला कोणी जाग्यावर नव्हतें, हा दोष होता; आणि ते जाग्यावर नसणारे गृहस्थ म्हणजे मी.

अण्णा आणि आई आगगाडीनें आले. सायंकाळीं चहा घेतांना त्यांनीं सहज विचारलें, "अरे, तबकड्या किती गेल्या?" मी म्हणालों, "पांचसहा असतील, अण्णा." ते कांहीं बोलले नाहींत. चारपांच दिवसांनीं मी कचेरींतून लवकर परतलों, तों अण्णा जमिनीवर वही उघडून बसले होते. भोंवतीं पाकिटें मांडलेलीं. हातांत तांबडी पेन्सिल. एकेक अनुक्रम पाहून ते खूण करीत होते. शेवटच्या पानाखालीं त्यांनीं आंकडा लिहिला होता : ९४ फुटल्या, ३१ वाकल्या. त्यांनीं मला पाहिलें, वही मिटली, आणि शाळेंत बोलावें त्या शांत स्वरांत म्हणाले, "आंकडा कळला म्हणजे बरें असतें."

यापेक्षां ते रागावले असते तर मला सोपें झालें असतें.

श्रोतेहो, आज मला जें सांगावयाचें आहे, तें सारें अण्णांच्या या एका वाक्यांत आहे. जड सामान हलविण्याची खरी तयारी दोरखंडानें आणि पुठ्ठ्यानें होत नाहीं. ती मोजण्यानें होते. आपल्याजवळ काय आहे, किती आहे, त्याचें वजन किती, आणि त्यांतील आपणांस खरोखर हवें तें किती, हें उचलण्यापूर्वीं ज्यानें मोजलें नाहीं, त्याला तें फुटल्यावर मोजावें लागतें.

पुढें २०११ सालीं मला पुण्याहून नागपुरास जावें लागलें. रस्त्यानें हें अंतर ७०० किलोमीटरांच्या वर आहे. अण्णांना जाऊन तेव्हां आठ वर्षें झालीं होतीं. या खेपेस मीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, स्वयंपाकघरांतील काटा आणून तबकड्या तोलल्या. १० इंची तबकडी सुमारें २०० ग्रॅमची भरली, आणि १२ इंची सव्वातीनशें ग्रॅमच्या आसपास. म्हणजे इंदुराहून निघालेला सारा संग्रह, नुसत्या तबकड्यांचाच, १३० किलोंच्या घरांत होता. हा आंकडा १९९६ सालीं मला ठाऊक असता, तर मीं ते तीन खोके कोणाला उचलूंहि दिले नसते.

दुसरी गोष्ट निवडीची. आमच्या सौभाग्यवतींनीं साधा प्रश्न विचारला, "अहो, पंधरा वर्षांत यांतल्या किती लावल्या आपण?" मीं मनाशीं हिशेब केला. शंभरहि भरल्या नाहींत. त्या पुढें म्हणाल्या, "मग बाकीच्या कोणासाठीं न्यायच्या? अण्णांसाठीं, कीं लोकांना सांगण्यासाठीं?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

कोणी म्हणेल, आतां तर तीं गाणीं खिशांतल्या दूरध्वनींतहि ऐकूं येतात. मग एकहि तबकडी कां न्यावी? या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि छंदिष्ट माणसानें तें मोकळ्या मनानें मान्य करावें. जें गाणें दुसरीकडे सहज मिळतें आणि ज्या तबकडीशीं आपला कांहीं ऋणानुबंध नाहीं, ती केवळ संख्या वाढावी म्हणून ७०० किलोमीटर वाहून नेण्यांत अर्थ नाहीं. उलट, कांहीं मुद्रणें अशीं असतात कीं, तीं कोणींच पुन्हां उतरवून घेतलेलीं नसतात. तीं आपल्या माळ्यावर पडून राहण्यापेक्षां जाणत्याच्या हातीं गेलेलीं बरीं. मुंबईंत १९९० सालीं सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था निघाली. या विषयाची आस्था असलेली माणसें अशा वाटेनें भेटतात.

मीं अण्णांची वही पुढें घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यावरून निवड केली. उरलेल्या ५१८ तबकड्यांपैकीं २१० ठेवल्या. २७७ पुण्यांतील दोघां संग्राहकांना दिल्या. त्यांनीं वहींतील त्या पानांची नक्कलहि करून घेतली, याचें मला समाधान वाटलें. वाकलेल्या ३१ कोणाच्याच उपयोगाच्या नव्हत्या. त्यांचा मोह सोडला. निवडीला आम्हांला तीन रविवार लागले. बांधण्याला एक संध्याकाळ पुरली.

आतां बांधण्याविषयीं थोडें सांगतों. तबकडी कधींहि आडवी रचूं नये. मांडणींत ताटें उभीं ठेवतात तशी ती कडेवर उभी ठेवावी. आडव्या चवडींत वरच्या साऱ्यांचा भार खालच्या एकीवर येतो, आणि मधें एखादा खडा वा दुमडलेलें पाकीट आलें कीं ती तडकते. उभी असली म्हणजे प्रत्येक जण आपला भार आपणच सोसते. एका मापाच्या तबकड्या एकत्र ठेवाव्या. १० इंचींत एखादी १२ इंची मिसळली कीं तिच्या पुढें आलेल्या कडेवर सारा धक्का बसतो. दर दहा तबकड्यांमागें जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घालावा. खोक्याच्या तळाशीं घडी केलेली जुनी चादर असावी, आणि बाजूंना रिकामी जागा मुळींच नसावी. कारण रिकाम्या जागेंत तबकडी कलते, आणि कललेली तबकडी एक तर वाकते नाहीं तर फुटते. मात्र त्या कोंबूनहि भरूं नयेत. एक तबकडी दोन बोटांनीं न ओढतां वर येईल इतपत त्या सैल असाव्या.

खोकें लहानच घ्यावें. एका माणसाला बोलतां बोलतां जिना चढून नेतां येईल, तें खोकें योग्य. मीं ४५ तबकड्यांचें एक, अशीं चार खोकीं केलीं, आणि १२ इंची ३० तबकड्यांचें पांचवें. प्रत्येकाचें वजन १० किलोंच्या आसपास भरलें. मोठें खोकें मिळालें म्हणून तें भरूनच टाकावें, हा मोह फार वाईट. पुठ्ठ्याला वजनाची जाणीव नसते. ती आपणांसच ठेवावी लागते.

उन्हापासून जपावें. ताडपत्रीखालीं बंद असलेल्या ट्रकांत उन्हाळ्याच्या दुपारीं जी भट्टी पेटते, तींत लाख मऊ पडते आणि तबकडी पापडासारखी वांकडी होते. १९४८ सालापासून निघूं लागलेल्या लांब वेळाच्या व्हिनाइलच्या तबकड्या तितक्या सहज फुटत नाहींत, परंतु उन्हाला त्याहि भितात. म्हणून बिऱ्हाडाचा महिना शक्य तर हिंवाळ्याचा निवडावा.

आणखी एक धोका अलीकडचा आहे. २०२० च्या साथीपासून सामानावर जंतुनाशक फवारण्याची संवय पुष्कळांना लागली. त्या फवाऱ्यांत बहुधा मद्यार्क असतो, आणि लाख मद्यार्कांत विरघळते. एका फवाऱ्यांत गाण्याच्या रेघा पुसल्या जातील. तबकड्या पुसावयाच्या त्या मऊ कोरड्या फडक्यानेंच.

ग्रामोफोन स्वतः तर आणखी निराळा. त्याची चावी पूर्ण उतरूं द्यावी, म्हणजे आंतील कमान ताणलेली राहात नाहीं. कर्णा काढावा. ज्यांत सुई बसते तो साउंडबॉक्स सोडवून कापसांत गुंडाळून वेगळ्या डबींत ठेवावा. त्यांतील अभ्रकाचा पातळ पडदा अंगठ्याच्या दाबानेंहि फुटतो. सुयांची डबी त्याच्याच सोबत ठेवावी, नाहीं तर नव्या घरीं यंत्र आहे, तबकडी आहे, आणि सुईवांचून सारी मंडळी गप्प, असा प्रसंग येतो.

ज्यांना ट्रकानेंच न्यावयाचें असेल, त्यांनीं अशीं जड खोकीं जमिनीवर, चालकाच्या बाजूस, अगदीं आंतल्या भिंतीला टेकून ठेववावीं. मागच्या टोंकाला धक्के अधिक बसतात. त्यांवर दुसरें कांहीं रचूं देऊं नये, आणि रचतांना स्वतः उभें राहावें. आम्हीं तर ट्रकाचा विचारच सोडला. आगगाडीच्या शयनयान वर्गांत माणशीं ४० किलो सामान निराळें भाडें न देतां नेतां येतें. बाकीचें सामान ट्रकावर घातलें, आणि जानेवारींतील एका रात्रीं आम्ही दोघें आमचीं पांच खोकीं बाकाखालीं ठेवून नागपूरला निघालों. प्रत्येक खोक्यावर चारी बाजूंस क्रमांक, वरच्या बाजूची खूण, आणि त्याच क्रमांकाचा कागद माझ्या खिशांत, अशी व्यवस्था होती.

नागपुरास पोंचल्यावर मीं तांबडी पेन्सिल घेऊन वही उघडली. २०९ धड होत्या. एक फुटली होती; पण ती प्रवासांत नव्हे, खोकें उघडण्याच्या घाईंत माझ्याच हातून. तो आंकडा मीं अण्णांच्या आंकड्याखालीं लिहून ठेवला.

आपला छंद निराळा असेल. पुस्तकें असतील तर मोठें खोकें अर्धेंच पुस्तकांनीं भरावें आणि वर कपडे घालावे. शिवणयंत्र असेल तर त्याचें बिडाचें डोकें मेजापासून सोडवून वेगळें बांधावें. हत्यारें असतील तर धारेला कापड आणि पुठ्ठा दोन्ही गुंडाळावीं. दगडांचे नमुने असतील तर प्रत्येकाचें गांव आणि तारीख त्याच्याच पुडींत घालावी. नाहीं तर दगड पोंचतो आणि त्याची ओळख वाटेंत राहते. परंतु या साऱ्यांच्या आधीं एक वही घ्यावी, काटा घ्यावा, आणि घरांतील माणसांसह बसून मोजावें. टाकावें काय, द्यावें काय, न्यावें काय, हें शांतपणें ठरवावें. बांधणारे आल्यावर ठरवूं म्हटलें, तर तें आपल्याऐवजीं तेच ठरवितात.

मीं न्यावयाच्या तबकड्या २१० सांगितल्या. खरें म्हणजे त्यांशिवाय आणखी एक होती, ती मोजणींत धरली नाहीं. हिराबाईंची ती तबकडी १९९६ सालीं त्या जिन्यावर दुभंगली होती. अण्णांनीं तिचे दोन्ही तुकडे पाकिटांत घालून वहीच्या मागें ठेवले होते, आणि 'सौ.ला आवडते' या शेऱ्यावर तांबडी खूण करावयाचें त्यांनीं टाळलें होतें. तिच्यांतून आतां सूर निघावयाचा नाहीं, आणि माझ्या स्वतःच्या नियमाप्रमाणें तिला जागा मिळावयास नको होती. पण दोनशें ग्रॅमांचें हें ओझें मीं हातांतल्या पिशवींत घालून नेलें. सगळें मोजून झाल्यावर एवढी सवलत माणसानें स्वतःला द्यावी, असें मला वाटतें.